आण्णांच्या आवाजातला हिरवा बाँड

मला सेलूतल्या कुणाचाबी आवाज काढता येतो. बसस्टँडवर "परभणी परभणी, मागं सरका" वरडणारा कंडक्टर, शाळेतले गणिताचे सर, मोंढ्यात लिलाव पुकारणारा आडत्या, "साहेब मीटिंगमधी हायत, उद्या या" म्हणणारा तहसीलमधला बाबू. ह्या बाबूला तर मी एकदा त्याच्याच आवाजात फोन करून "उद्या या" म्हणलो होतो. शिकलो बी.कॉम., कमावतो भोंग्यावर. साड्यांचा सेल असो, डोळ्याचं शिबिर असो, हरवलेली म्हैस असो, गावात रिक्षावर जी जाहिरात फिरती ती माझ्याच तोंडातून निघालेली असती.

पण सगळ्यात भारी जमायचा तो आण्णांचा आवाज. आण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं जिनिंगमधी ग्रेडर. जिनिंगमधी कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात, आन ग्रेडर म्हणजे दारात आलेल्या गाडीतला कापूस चांगला का वाईट ते ठरवणारा माणूस. आण्णा गाडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचे. आतला मूठभर कापूस वढून काढायचे, दोन्ही हाताच्या चिमटीत धरून धागा ताणायचे, उजेडाकडं करून बघायचे. तवर शेतकरी श्वास धरून उभा. मंग जरा थांबून म्हणायचे, "कवडी न्हाई. ओल न्हाई. माल पास." कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. वरचा कापूस ते बघतच नसायचे. "वर तर सगळेच चांगला लावतात लेका."

ते "माल पास" मी घरात म्हणलो की आई सयपाकघरातून विचारायची, "आलात का? चहा टाकू?" मंग मला बघून लाटणं दाखवायची. त्यांचा खोकला मात्र मी कधी काढला न्हाई. चेष्टेला बी एक हद्द असती.

कारण तो खोकला रुईचा होता. तीस वर्षं तो बारीक धुरळा छातीत गेला. सकाळी कपाळावर विभूतीच्या तीन रेघा वढून जायचे आन संध्याकाळी यायचे तवा विभूती कुठली आन रुई कुठली ते कळायचं न्हाई, भुवया सुद्धा पांढऱ्या. शेवटी परभणीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो बघितला आन सांगितलं, "आता जिनिंगच्या दारात बी जायचं न्हाई." आण्णांनी काम सोडलं. फंड निघाला. आमच्या घरात एवढी रक्कम एकदम पहिल्यांदाच आली, आन दुसऱ्यांदा येणार न्हवती.

प्रश्न एकच होता. ती अशा जागी ठेवायची की दर महिन्याला घरखर्च आन औषध निघालं पायजे, म्हणजे आण्णांना परत धुरळ्यात जायला लागू न्हाई. पाचवीतल्या पोराला सुटंल असं गणित. बी.कॉम.वाल्यानं बिघडवलं.

त्याच महिन्यात मला एक माणूस भेटला. पैसे कुठं गुंतवायचे ते सांगायचं त्याचं काम. त्याला सगळे सर म्हणतात, शिकवत कायबी न्हाई. त्याला मानवतमधी माहिती शिबिर घ्यायचं होतं आन त्याची जाहिरात पायजे होती. म्हणला, "हिरवा बाँड आलाय बाजारात. नवीन गोष्ट हाय. लोकांना आपल्यातला आवाज पायजे. भरवशाचा."

मी चार आवाज काढून दाखवले. तीन ऐकून तो मोबाईल बघत बसला. चौथ्याला मान वर केली. चौथा आण्णांचा होता. "पर्यावरणाचं भलं, आन व्याज बी चांगलं. कवडी न्हाई, ओल न्हाई. माल पास!"

"हाच," म्हणला. "ह्या माणसाला कोण न्हाई म्हणंल?"

रोख पैसे दिले. आण्णांना मी काय सांगितलं न्हाई. सांगायचं काय त्यात, असं वाटलं. म्हशीची जाहिरात करताना म्हशीला कोण विचारतं?

शिबिराला आण्णांना मीच घेऊन गेलो. म्हणलं फंडाचं काहीतरी ठरवायचंच हाय, ऐकून तर घेऊ. मानवतच्या स्टँडवर एस्टीतून उतरलो, आन समोरून रिक्षा. वर भोंगा. भोंग्यात आण्णा.

आण्णा उतरले तिथंच उभे राहिले. रिक्षा लांब जाईस्तवर ऐकलं. मंग माझ्याकडं न बघताच म्हणले, "मी कवा बघितला हा माल?"

"आण्णा, जाहिरात हाय ती. खोटंच असतं."

"तीस वर्षात न बघता एक गाडी पास केली न्हाई मी. तू माझ्या तोंडानं केलीस."

मला गप बसता येत न्हाई, म्हणून मी "चहा घ्यायचा का?" म्हणलो.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. व्यापारी, दोन-चार रिटायर गुरुजी, मागं आमी. सरनं फळ्यावर लिहिलं. बाँड म्हणजे आपण कंपनीला दिलेलं कर्ज. ठरलेलं व्याज मिळतं, मुदत संपली की मुद्दल परत. साध्या बाँडचे पैसे कंपनी कशालाबी वापरती. हिरव्या बाँडचे फक्त सोलार, पवनचक्की, सांडपाणी साफ करणं, असल्या कामाला. एकाच कंपनीनं दोन्ही काढलेत, ज्याला जो पायजे तो घ्या.

आण्णांनी मागून हात वर केला. मला माहीत होतं, गाडीत हात चालला.

"व्याज सारखंच का?"

"हिरव्याला पाव टक्का कमी हाय काका."

"कामून?"

"मागणी हाय ना. चांगल्या कामासाठी लोक थोडं कमी घ्यायला बी तयार असतात."

"कंपनी बुडाली तर?"

"बुडत न्हाई काका."

"बुडाली तर म्हणलो."

सरनं खडू ह्या हातातून त्या हातात घेतला. "तर मंग दोन्हीला सारखंच."

"म्हणजे एकाच ढिगाचा कापूस," आण्णा म्हणले, "गाठी दोन. एका गाठीवर हिरवं फडकं. आन फडक्याचे पैसे आमी द्यायचे."

सगळं कार्यालय हसलं. एक गुरुजी तर मागं वळून बघायले, बोलणारा कोण हाय म्हणून. मग त्यांची मान जरा तिरकी झाली. आवाज वळखीचा वाटला असंल.

सरनं घाईनं एक फोटो दाखवला. निळ्या-काळ्या सोलारच्या रांगा, लांबपर्यंत. "बघा काका, तुमचा पैसा इथं जाणार."

"हे तर उभंच हाय की."

"हो, चार वर्षं झाली चालू हाय."

"मंग आता आमचा पैसा कशाला?"

"त्याच्यावर जुनं कर्ज हाय, ते फेडायला. नियमात बसतं ते."

"नियमात बसत असंल. पण पीक घरात आलंय आन बियाणं आता मागायलेत."

"काका, तुमी लय खोलात जायलात."

"खोलातच हात घालायची सवय हाय," आण्णा म्हणले आन खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला राग आला. सरचा न्हाई, आण्णांचा. ज्या मालाला मी पास म्हणलो तो माल ते चारचौघात उकलून दाखवायले होते, आन ते बी माझ्याच आवाजात. म्हणजे त्यांच्याच. काय ते.

परत येताना एस्टीत मी भांडलो. म्हणलं, तुमाला सगळ्यात खोटच दिसती. वेचणीच्या वक्ताला पाऊस येतो, कापूस झाडावर काळा पडतो, हे तुमीच सांगता ना? उन्हाळा तर असा की डांबर चपलेला चिकटतं. कुणीतरी सोलारला पैसा द्यायला पायजे का न्हाई? पाव टक्क्यासाठी मागं सरायचं का?

आण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणले, "मी न्हाई कुठं म्हणलो? काम चांगलंच हाय. आज जुनं कर्ज फेडतील, उद्या दुसरं काही उभं करतील. आर्धे हिरव्यात टाक. आर्धे साध्यात. सगळा माल एका गाडीत भरू न्हाई. गाडी कलंडली तर?" मग खोकले. मग म्हणले, "आन महिन्याच्या महिन्याला आलं पायजे, तेवढं बघ."

आईचं मत वेगळं. "पोस्टात टाका आन गप बसा." तिला कुणी विचारलं न्हाई. ती अजून दर दोन दिवसाला आठवण करून देती.

फॉर्म मीच भरला, मोबाईलवर, ओट्यावर बसून. आता जरा नीट ऐका, कारण मी नीट बघितलं न्हवतं. साध्या बाँडला दर महिन्याला व्याज घ्यायचं तर एक दर होता. हिरव्याला दर महिन्याला घ्यायचं तर त्याच्यापेक्षा पाव टक्का कमी. पण खाली अजून एक ओळ होती. हिरवा, व्याज वार्षिक. त्याचा दर बरोबर साध्याच्या मासिकाएवढा!

मला एवढंच दिसलं. हिरवा बी, आन भाव बी तोच. फडक्याचे पैसे वाचले! आण्णांच्या कार्यालयातल्या भाषणाला फिट्टंफाट उत्तर. वर्षातून एकदा व्याज देणार म्हणून ते पाव टक्का जास्त देतात, फुकट देत न्हाईत, एवढं साधं डोक्यात आलं न्हाई. बी.कॉम. कुठं होतं काय माहीत.

आन खरं सांगू का, "वार्षिक" ह्या शब्दाला आपल्याकडं कुणी भेतच न्हाई. गडी पाडव्याला साल धरतो, ते वर्षाचं. किराणावाल्याची उधारी कापूस विकला की फिटती, वर्षातून एकदा. कापडं एकदा, घराला चुना एकदा. शेतकऱ्याच्या गावात सगळं वर्षानंच येतं, मंग व्याज वर्षानं आलं तर बिघडलं कुठं? फक्त आमच्याकडं शेत न्हाई, हे इसरलो. आमाला दुकानदार उधारी देतो ती महिन्याची. आण्णांचा पगार महिन्याचा होता. औषध महिन्याचं हाय.

सगळा फंड मी त्या एका ओळीत टाकला. आर्धे-आर्धे केलेच न्हाईत. आण्णा पेपर वाचायले होते, त्यांनी त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपीचा आकडा सांगितला आन विचारलं, "आर्धे-आर्धे केलेस ना?"

"केले," म्हणलो.

ह्या खोट्याला कारण सांगता येत न्हाई. म्हणजे सांगता येतं, पण आवडत न्हाई. पहिलं व्याज आलं की दाखवायचं होतं, बघा, तुमचा ग्रेडर चुकला. स्वतःच्याच भोंग्याला फसलेला माणूस तुमी बघितला का? मी आरशात बघतो.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला आण्णांनी मोबाईल चार्जिंगला लावून समोर ठेवला. टिंग वाजलं. रिचार्ज संपायलाय म्हणून मेसेज. दोन तारीख. तीन तारीख. आण्णांनी मोबाईलचा आवाज वाढवून ठेवला. चार तारखेला म्हणले, "सरला विचार जरा."

मी मोबाईल उघडला, फॉर्म काढला, आन ती ओळ परत वाचली. ह्या वेळेला सगळी वाचली.

सरला फोन केला. "मासिक करता येईल का हो?"

"जे भरलंय ते भरलंय. मुदत संपेपर्यंत बदलत न्हाई. पण वर्षाला एकदम येईल ना, बरंच हाय की!"

आण्णांना सांगितलं. आर्धे-आर्धे न्हाई केले, ते बी सांगितलं. मला वाटलं वरडतील. वरडले असते तर मी त्याची पुढं नक्कल तरी केली असती. त्यांनी फक्त विचारलं, "सगळी गाडी?"

"सगळी."

आई म्हणाली, "पोस्टात..." आन तिनं सुद्धा वाक्य पुरं केलं न्हाई.

मी विकायचा प्रयत्न केला. बाँड बाजारात विकता येतो असं सर फळ्यावर लिहून गेला होता. येतो, पण घेणारा लागतो. मी आठ दिवस मोबाईलमधी बघायलो, घेणाऱ्याच्या रकान्यात कुणी न्हाई. नवव्या दिवशी एक आला, त्यानं एवढा पाडून भाव मागितला की बाँड हाय का रद्दी. आण्णांनी आकडा बघितला आन म्हणले, "पडत्या भावात माल काढणारा मोंढ्यात लांबून वळखू येतो. ऱ्हाऊ दे. गाठ बांधली, बांधली."

गणपतीपर्यंत हातातलं पुरलं. मी भोंग्याची कामं दुप्पट धरली, सोनपेठच्या बाजारापर्यंत जाऊन आवाज दिले. घसा बसला. मिमिक्रीवाल्याचा घसा बसला की त्याच्याकडं राहतं काय? बी.कॉम. दसऱ्याला जिनिंग चालू झाली. मालकाचा निरोप आला, नवा ग्रेडर कच्चा हाय, सीझनपुरतं या. दुसऱ्या दिवशी आण्णांनी विभूतीच्या तीन रेघा वढल्या आन निघाले.

"डॉक्टर काय म्हणले ते आठवतं ना?" मी म्हणलो.

"दाराच्या बाहेरच गाड्या बघतो. आत जात न्हाई."

मी डबा घेऊन जायचो रोज दुपारी. पहिला आठवडा आण्णा खरंच दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेले. दुसऱ्या आठवड्यात खुर्ची रिकामी. आतून मशिनीचा आवाज, रुई बर्फासारखी उडायलेली, आन त्यात आण्णा रुमाल बांधून उभे. रुमाल हनुवटीवर. कारण "माल पास" रुमालातून ऐकू येत न्हाई म्हणे. मी वरडलो, "आण्णा, रुमाल!" त्यांनी हातानं खूण केली, थांब. गाडीत हात होता.

मार्चपर्यंत हे चाललं. मी रोज डबा नेला आन रोज रुमालावरून भांडलो. रोज हरलो.

एप्रिलमधी टिंग वाजलं. वर्षाचं व्याज, एकदम. ठरलेलं, एक रुपाया कमी न्हाई. कंपनी बुडाली न्हाई, सोलार पळून गेलं न्हाई, बाँडनं जे सांगितलं ते केलं. त्याचा काय दोष? आता ही रक्कम बारा महिने पुरवायची, तवर पुढची येती. म्हणजे पुढच्या दसऱ्याला आण्णांना जायची गरज न्हाई. अडचण फक्त त्या पहिल्या वर्षाची होती. ते एक वर्ष आण्णांच्या छातीतून गेलं.

आता त्यांचा आवाज बदललाय. वाक्याच्या मधीच दम संपतो. "कवडी न्हाई," म्हणतात, थांबतात, श्वास घेतात. मी घरात त्यांचा आवाज काढला तर आई चहा विचारत न्हाई. तिला कळतं, हा जुना हाय.

मागच्या आठवड्यात सरनं सेलूतच शिबिर लावलं आन तीच जाहिरात काढली. मी गेलो त्याच्याकडं. म्हणलं तो आवाज बंद करा, दुसरा देतो, फुकट देतो. म्हणला, "ह्याला भरवसा हाय. आन पैसे दिलेत ना तुला?"

काल सकाळी रिक्षा आमच्याच गल्लीत आली. आण्णा ओट्यावर होते. उठले, रस्त्यात जाऊन हात आडवा केला, कापसाची गाडी अडवायचे तसा. रिक्षा थांबली.

"हा माल..." आण्णा म्हणले. श्वास घेतला. "मी पास केलेला न्हाई. बंद कर."

रिक्षावाला पोरगं मानवतकडचं, आमाला वळखत न्हवतं. "तुमचा काय संबंध काका?"

"आवाज माझा हाय तो."

पोरगं हसलं. वर भोंगा खणखणीत चाललेला, खाली आण्णा खोकायलेले. "काका, कायबी. कुठं हा आन कुठं तुमी?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा काही मागितलं असंल माझ्याकडं तर ते तेव्हा. मी ओट्यावरून उतरलो, पोराच्या तोंडासमोर उभा राहिलो आन आण्णांचा जुना आवाज काढला, सगळा, पोटातून. "कवडी हाय. ओल हाय. माल नापास. बंद कर लेका."

पोरानं वर भोंग्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आन गपचूप बटण दाबलं. गल्ली एकदम शांत. रिक्षा पुढं गेली.

"बरा काढलास," आण्णा म्हणले. "पण हात घालून बघितला का आधी?"

"बघितला आण्णा. खांद्यापर्यंत."

ते काही बोलायच्या आत रिक्षा कोपऱ्यावर वळली आन भोंगा परत चालू झाला.